वाक्यात उपयोग करा

४ एप्रिल

मामा आणि मामी,

दोघांना उभ्यानेच वाकून नमस्कार. खोली इतकी अरुंद आहे की साष्टांग घातला तर पाय जिन्यात जातील.

मामा, तुम्ही लिहून पाठवलेलं निवेदन मी माझ्या अक्षरात उतरवून या परक्या मुलखातल्या बालकल्याण कार्यालयात दिलं. चार पानांना तीन दिवस लागले. लाँड्रीच्या रोलरखाली दोन बोटं गेल्यापासून पेन धरलं की कोपरापर्यंत कळ जाते, पण एकही खाडाखोड केली नाही. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाचा मजकूर, त्यापुढे कुणाची टाप आहे, असं वाटलं. वाचतील आणि म्हणतील, बाई, घेऊन जा तुमची मुलगी.

सगळं उलटंच झालं आहे.

काल चष्मेवाल्या बाईंनी बोलावलं. पिटूची फाइल यांच्याकडे असते. मी सात आठवडे हॉस्पिटलात पडले होते आणि नवऱ्याचा तर दोन वर्षं पत्ताच नाही, तेव्हा पिटूला त्या पियानो शिकवणाऱ्या बाईच्या घरी ठेवलं तेही यांनीच. निवेदन त्यांच्या समोर होतं आणि त्यात जागोजागी पेन्सिलीच्या रेघा होत्या. त्यांनी विचारलं, "हे तुम्ही स्वतः लिहिलंत?" मी हो म्हटलं. मग त्यांनी पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. तिथे होतं, आय हॅव टर्न्ड ओव्हर अ न्यू लीफ.

"म्हणजे काय?"

मी तुम्ही सांगितलेला अर्थ सांगितला, नवं आयुष्य सुरू केलं आहे. त्या म्हणाल्या, "मग आधीचं आयुष्य कसं होतं?" मी म्हटलं, फार वाईट. नवरा गेला, हात गेला, वाईट नाही तर काय म्हणणार? त्यांनी ते लिहून घेतलं. मग मेणबत्ती दोन्ही टोकांनी जाळण्याचं वाक्य. "इतकं काम करता, तर मुलीजवळ कोण असतं?" मी म्हटलं, कुणी नाही. मला वाटलं आत्ताचं विचारतायत. आत्ता मुलगीच नाही तर तिच्याजवळ कोण असणार? तेही लिहून घेतलं. शेवटी ते, ॲट द एंड ऑफ माय टेदर. बाईंनी चष्मा काढला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "असं व्हायचं तेव्हा तुम्ही मुलीला काय करत होता?"

मुलीला काय करत होता, मामा! मी तिच्या अंगाला बोट लावलेलं नाही कधी.

२१ जूनला तीन जणांच्या समितीपुढे सुनावणी आहे. त्यांना पटलं नाही तर पिटू अठरा वर्षांची होईपर्यंत त्या पियानोवालीकडे आणि तिच्या नवऱ्याकडे राहणार. त्यांचा तसा अर्ज आहे. ती सहा वर्षांची आहे, मामा. अठराव्या वर्षी ती मला ओळखणारसुद्धा नाही.

निवेदनातल्या एकेका वाक्याचा खराखुरा अर्थ कळवा. उलट टपाली कळवा. 

तुमची
बयो


१५ एप्रिल

बयो,

आशीर्वाद आहेतच, ते काही पत्रासाठी राखून ठेवलेले नाहीत.

आधी एक सांगतो, हातपाय गाळू नकोस. तुझं पत्र वाचून मामीने डोळ्याला पदर लावला, मी मात्र शांत आहे. तुझ्या निवेदनात एकसुद्धा चूक नाही. मी ते अकरा वेळा तपासलं आहे. चूक असलीच तर त्या चष्मेवालीच्या समजुतीत आहे. स्वतःची भाषा आहे म्हणून प्रत्येकाला ती येतेच असं नाही. आपल्याकडे तरी किती जणांना धड मराठी येतं?

तू विचारलेले अर्थ माझ्या वहीतून देतो. टर्न ओव्हर अ न्यू लीफ, क्रमांक ६१२, नव्या आयुष्याची सुरुवात करणे. बर्न द कँडल ॲट बोथ एंड्स, क्रमांक ८८, अतिशय कष्ट करणे. ॲट द एंड ऑफ वन्स टेदर, क्रमांक ३१, सहनशक्ती संपणे. हे अर्थ मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना घोकायला लावले. परीक्षेत ते हटकून पाच गुणांना यायचे, अर्थ सांगा व वाक्यात उपयोग करा. माझ्या मुलांचा त्यातला एक गुण कधी गेला नाही. गावात मला इडियम-मास्तर म्हणायचे ते काही उगाच नाही.

तुझं अडलं कुठे, तर लिहिण्यात आणि बोलण्यात फरक पडला. लेखी इंग्रजी हे असं भरजरी आणि तोंडी उत्तरं ततपप, म्हणून बाईला शंका आली. त्याला उपाय एकच. सोबत वीस वाक्प्रचार पाठवतो. रोज दोन पाठ कर, आणि पुढच्या भेटीत संधी मिळेल तिथे पेर. एकदा का तिच्या कानावर चारदोन अस्सल वाक्प्रचार पडले की तिची बोलती बंद होईल.

दुभाषा मात्र मुळीच घेऊ नकोस. जिला स्वतःची बाजू मांडायला दुसऱ्याचं तोंड लागतं ती पोर काय वाढवणार, असं म्हणायला त्या मोकळ्या होतील.

कान इतके गेले नसते, मामी कानाशी ओरडते तेवढंच काय ते कळतं, तर फोनवरच तुझी उजळणी घेतली असती. परवा शेजाऱ्यांनी फोन माझ्या कानाला लावला तर मी अर्धा तास हॅलो हॅलो करत होतो, आणि पलीकडचा माणूस केव्हाच ठेवून गेला होता. पत्रच बरं.

तुझा
मामा

बयो, यांनी आत काय लिहिलंय ते माझ्या डोक्यावरून गेलं. तू त्या बाईला साधं रडून का सांगत नाहीस? — मामी


२७ एप्रिल

मामा,

वीसपैकी सतरा पाठ झाले. कागद ॲप्रनच्या आतल्या बाजूला टाचला आहे. ओली चादर रोलरमधून जाऊन पलीकडे निघेपर्यंत एक वाक्प्रचार तीनदा म्हणून होतो. चादरीचं दुसरं टोक धरणारी बाई आहे, तिला वाटतं मी जप करते. मुकादमीण म्हणाली, तोंड चालव पण बोटं सांभाळ, आता आठच उरली आहेत.

शनिवारी पिटूची भेट झाली. महिन्यातून एकदा कार्यालयातल्या खेळण्यांच्या खोलीत तासभर भेटू देतात. पियानोवाली तिला आणून सोडते आणि बाहेर बाकावर बसते. वाईट बाई नाही ती, हेच तर वाईट आहे. पिटूच्या केसांना तेल नाही पण वेण्या घट्ट घातलेल्या होत्या, आणि मोजे दोन्ही एकाच रंगाचे. माझ्याकडे असताना असं क्वचित व्हायचं.

चष्मेवाल्या बाई कोपऱ्यात वही घेऊन बसतात. आम्ही काय बोलतो ते त्यांना लिहायचं असतं, म्हणून इंग्रजीतच बोलायचं. मी तुमच्या यादीतलं पाचवं वाक्य म्हटलं, यू आर द ॲपल ऑफ माय आय. पिटूने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं आणि विचारलं, "व्हॉट ॲपल?"  काळजाचा तुकडा म्हटलं असतं तर माझ्या गळ्यात पडली असती, रोज पडायची. मी तिच्या कानाशी वाकून हळूच मराठीत विचारलं, "घरी यायचंय ना?" तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, इंग्लिश प्लीज. पिटू जिगसॉचे तुकडे जुळवत बसली. उरलेला वेळ आम्ही दोघी तेच करत होतो.

५ मेला बाईंनी पुन्हा बोलावलंय. अहवाल लिहिण्याआधीची ही शेवटची भेट. एक छापील कागद पाठवला होता, निवेदन माझ्याच शब्दांत आहे अशी सही मागणारा. मी केली. तुम्ही म्हणालात तसंच सगळं करते आहे, मामा. उरलेले तीन उद्यापर्यंत होतील.

तुमची
बयो


६ मे

मामा,

मी माझ्या हाताने घात करून घेतला आहे. कसं झालं ते जसंच्या तसं सांगते.

बाई काल बऱ्या मूडमध्ये होत्या. मी दोन वाक्प्रचार पेरले, त्यावर त्या थोड्या हसल्या. मला वाटलं गाडी रुळावर आली. मग त्या पिटूबद्दल बोलू लागल्या, भरभर आणि खूप वेळ. मला त्यातलं अर्धंमुर्धं कळलं. सुरुवातीला त्रास झाला, शाळेत, जेवताना, असं काहीतरी. मला वाटलं, नव्या घरी गेल्यावर पोर हट्ट करते, त्याचंच चाललंय. घरी आली की चार दिवसांत ठीक होईल, असं त्यांना सांगायचं होतं. आणि तुमच्या यादीतलं नववं अगदी बरोबर बसत होतं. मी म्हटलं, इट इज ओन्ली अ स्टॉर्म इन अ टीकप.

बाईंचं पेन थांबलं.

मग त्यांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, मला कळेल असं. पिटू त्या घरी गेल्यावर दोन महिने बोललीच नव्हती. एक शब्द नाही. कुठल्याच भाषेत नाही. तिला डॉक्टरकडे न्यायचे, आणि ती ओठ आवळून बसायची. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मला कळलं नसेल. बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही याला पेल्यातलं वादळ म्हणता?"

मला नाही म्हणायचं होतं. मला ओरडून सांगायचं होतं की मी असं म्हटलंच नाही. पण म्हटलं होतंच की.  माझी मुलगी दोन महिने बोलली नाही आणि मी तिथे बसून पोपटपंची करत होते. बाहेर आले आणि कार्यालयाच्या भिंतीला डोकं टेकून उभी राहिले, लोक वळून वळून बघत होते.

तुमच्यावर रागावू का? रागवायलाही अंगात जोर नाही. यादी फाडून टाकली. आता काय करू तेवढं सांगा. काहीही सांगा.

बयो


१७ मे

बयो,

तुझं पत्र काल आलं. काल दिवसभर मला काही लिहिता आलं नाही.

सकाळी शाळेत गेलो. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. सुट्टी असूनही ग्रंथालय उघडं होतं, तिथला मोठा शब्दकोश मागून घेतला, ज्यात प्रत्येक वाक्प्रचाराखाली लोक तो कसा वापरतात ते दिलेलं असतं. माझ्या वहीत अर्थ आहेत, फक्त अर्थ. ते मी तरुणपणी एका परीक्षेच्या गाइडातून उतरवले आणि त्यावर आयुष्य काढलं. कोशात न्यू लीफखाली काय आहे माहीत आहे? वाईट वागणारा माणूस सुधारला की असं म्हणतात. मेणबत्तीखाली आहे, झेपेना इतकं करून स्वतःची हानी करून घेणारा. आणि टेदरचा सूर असा आहे की आता माझ्या हातून काहीही होईल. ही तीन वाक्यं मी तुझ्या तोंडी घातली. एका आईच्या तोंडी. वाचून मला घाम फुटला आणि ग्रंथपालाने पंखा लावला.

एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितलेली नाही. ज्यांची ती भाषा आहे अशा माणसाशी मी जन्मात एकदाच बोललो आहे. शाळा बघायला एक पाहुणे आले होते, त्यांनी विचारलं पाणी कुठे मिळेल, मी बोट दाखवलं. झालं एवढंच. चौतीस वर्षं मी मुलांना वाक्यात उपयोग करा म्हणून सांगितलं. माणसाशी उपयोग कसा करायचा ते मलाच माहीत नव्हतं. तुझ्या निवेदनात मी तुझी कळ मांडायला बसलो होतो, पण खरं सांगू का, मी माझी वही मांडली. समितीतले साहेब वाचतील आणि म्हणतील काय इंग्रजी आहे, हे माझ्या मनात होतं. तुझी मुलगी पणाला लागली होती आणि मी शेखी मिरवत होतो. लाज वाटते.

म्हणून मी समितीला पत्र लिहिलं आहे. निवेदन भाचीचं नाही, प्रत्येक शब्द माझा आहे, त्यावरून तिला जोखू नका, असं. सात कागद फाडले. हात आपोआप वाक्प्रचाराकडेच वळायचा. शेवटी मामी समोर येऊन बसली. म्हणाली, आधी मला मराठीत सांगा. मी सांगितलं. म्हणाली, मग हेच लिहा की, यात अवघड काय आहे! बारा ओळी झाल्या. आज दुपारी रजिस्टर करून टाकलं.

आणि दुभाषा माग. आधी नको म्हणालो तो माझा गाढवपणा.

मामा


१८ मे

मामा,

हे पत्र मी तुमच्या उत्तराची वाट न पाहता टाकते आहे, कारण तुमचा स्वभाव मी ओळखून आहे. माझं मागचं पत्र वाचून तुम्हाला चैन पडणार नाही, आणि तुम्ही सगळं आपल्या अंगावर घेऊन इथे खरं काय ते कळवायला निघाल. असं करू नका. पाया पडते.

मी सही केलेला तो कागद आठवतो ना? तो काल चादरीचं दुसरं टोक धरणाऱ्या बाईने मला सोप्या इंग्रजीत समजावत पूर्ण वाचून दाखवला. निवेदन दुसऱ्याने लिहिलेलं निघालं तर ते खोटं धरलं जाईल, आणि समिती अर्ज तिथल्या तिथे फेटाळू शकेल, असं खाली बारीक अक्षरात आहे. मी न वाचता सही केली. वाचलं असतं तरी केली असती म्हणा.

आता मी वेडीवाकडी बोलणारी आई आहे. तुमचं पत्र आलं तर मी खोटारडी आई होईन. वेड्यावाकड्या आईला कदाचित मूल मिळेल, खोटारडीला कोण देणार?

काहीच करू नका. गप्प बसा. माझ्या आईची शपथ आहे तुम्हाला, म्हणजे तुमच्याच बहिणीची.

बयो


२९ मे

बयो,

तुझं पत्र आज आलं. तोवर माझं जाऊन बारा दिवस झाले होते.

वाचल्या वाचल्या तसाच चपला घालून पोस्टात धावलो. खिडकीतला माणूस काय बोलत होता ते ऐकू येईना, मी पावती पुढे करून नुसतंच, परत, परत, असं ओरडत होतो. रांगेतले लोक चिडले. शेवटी त्याने एका कागदावर लिहून माझ्यासमोर धरलं, "पोचलं असेल. आता काही करता येत नाही." मी तो कागद घेऊन घरी आलो.

मी दोनदा तुझं भलं करायला गेलो, बयो. दोन्ही वेळा तुला न विचारता. यापुढे तुझ्याविषयी कुणालाही एक अक्षर लिहिणार नाही. काही सुचवणारही नाही. सुनावणीला अजून तीन आठवडे आहेत आणि माझा जीव आत्ताच टांगणीला लागला आहे. तिथे तुझं काय होत असेल!

मामा

बयो, हे दोन दिवस जेवले नाहीत. तू यांना क्षमा कर किंवा शिव्या दे, पण काहीतरी लिही. — मामी


२२ जून

मामा, मामी,

काल सुनावणी झाली. मध्ये लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. शिव्या मनातल्या मनात दिल्या, भरपूर दिल्या. आता त्याचं काही नाही.

लांब टेबल, पलीकडे तिघं. मधले गृहस्थ वयस्कर, आवाज बारीक. चष्मेवाल्या बाई बाजूला. त्यांच्याशेजारी एक मराठी बाई बसली होती, बसकंडक्टरचा गणवेश घालून. मी न मागताच बाईंनी तिला दुभाषी म्हणून बोलावून घेतलं होतं. मला बघितल्यावर ती म्हणाली, "ये गं, बस. घाबरू नकोस." मामा, या घाबरू नकोसनेच मला रडू फुटलं. सहा महिन्यांत कुणी समोरासमोर मराठी बोललं नव्हतं.

मधल्या गृहस्थांनी तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. बारा ओळी. मला ते सगळं कळलं, दुभाषीशिवाय कळलं. माझ्या भाचीला एवढं इंग्रजी येत नाही. मलाही येत नाही. मी ते पुस्तकातून घेतलं. तिला काय झालं ते मी तिला विचारलंच नाही. हे वाचून त्यांनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "तुमच्याच शब्दांत आहे अशी सही केली होती. तुमचे शब्द होते का?"

मी म्हटलं, नाही.

"मग सही का केलीत?"

"मला वाटलं, तुमची भाषा चांगली आली की मुलगी देतात."

ते दोघा शेजाऱ्यांशी कुजबुजले. मग म्हणाले, ही गोष्ट तुमच्या विरुद्ध जाते, ती तशीच नोंदली जाईल. मी मान हलवली. मला वाटलं संपलं. मी उठायलाही लागले होते. तेव्हा चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "यांना त्यांच्या भाषेत काही सांगायचं असेल तर आपण ऐकावं."

काय सांगू, मामा? तयारी काहीच नव्हती. तोंडाला आलं ते सांगितलं. रोलरखाली हात गेला त्या दिवशी मला साडेतीनला पिटूला शाळेतून आणायचं होतं. स्ट्रेचरवर घातलं तेव्हापासून भूल देईपर्यंत मी साडेतीन, साडेतीन म्हणून ओरडत होते. कुणालाच कळलं नाही, कारण मी मराठीत ओरडत होते. पिटू शाळेच्या पायरीवर संध्याकाळी सहापर्यंत बसून होती. मग तिला अनोळखी माणसं घेऊन गेली. तिला वाटलं असणार, आईने टाकलं. बाबा गेला तशीच आईही गेली. मी का आले नाही हे तिला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. मी महिन्यातून एकदा भेटते तर मला ते तिला कळेल असं सांगता येत नाही. दोन महिने ती बोलली नाही ते बरोबरच आहे, कुणाशी बोलणार? मला एवढंच तिला सांगायचं आहे. तुम्ही मुलगी दिली नाहीत तरी हे सांगायला एक तास द्या, मराठीत, आणि तेव्हा कुणी लिहून घेऊ नका.

कंडक्टर बाई भाषांतर करता करता दोनदा थांबली. तिने माझ्याहून कमी शब्दांत सांगितलं, पण सगळं सांगितलं असावं, कारण मधल्या गृहस्थांनी पेनाचं टोपण लावून टाकलं.

निकाल दोन आठवड्यांत टपालाने येईल. काही सांगता येत नाही. दार बंद होताना मागून, सहीचं काय, असं कुणीतरी म्हणताना ऐकलं.

बयो


३ जुलै

बयो,

तुझं पत्र आलं. मामीने ते माझ्या हातून घेऊन तीनदा वाचलं आणि मग मला म्हणाली, "पोरगी स्वतः बोलली तेव्हा कुठे बोलणं झालं." मी मान खाली घातली.

वही कपाटात ठेवली आहे. जाळली वगैरे नाही, मी काही नाटकातला म्हातारा नाही. पण उघडवत नाही.

रोज अकराला पोस्टमन येतो. मला सायकलची घंटा ऐकू येत नाही म्हणून साडेदहापासून फाटकात उभा असतो. आता तोही मला लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. निकाल काहीही लागो, कळव. वाईट असेल तर एका शब्दात कळव, पण कळव.

मामा


१४ जुलै

मामा, मामी,

पिटू घरी आहे. नऊ तारखेपासून.

निकालाच्या कागदात सहीबद्दल ताशेरा आहे. तीन महिने बघतील, दर आठवड्याला चष्मेवाल्या बाई येऊन जातील, आणि मग पक्कं ठरेल. ते जोडपं तिला रविवारी भेटू शकेल. मी सगळ्याला हो म्हटलं. या वेळी कंडक्टर बाईकडून शेवटच्या ओळीपर्यंत समजून घेऊनच सही केली.

आता पुढचं ऐका. पेढे वाटायची घाई करू नका.

पियानोवालीने तिला दारात आणून सोडलं. रडत होती. मलाही तिच्यासमोर कसं उभं राहावं ते कळेना, दोघी एकमेकींना थँक यू, थँक यू म्हणत राहिलो. पिटू आत आली. खुर्चीच्या काठावर बसली. दिलं ते खाल्लं, एक कण सांडला नाही. तोंड पुसलं, ताटली नळाखाली धुऊन पालथी घातली. आमच्या पिटूने, मामा, जिला मी मागे धावून भरवायची! मी काय काय बोलत होते, ती हो नाहीची मान हलवत होती.

संध्याकाळचे सात वाजले. तिने बूट घातले, बंद नीट बांधले, दप्तर पाठीला लावलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली. माझ्याकडे बघून अगदी स्वच्छ म्हणाली, थँक यू फॉर हॅविंग मी.

याचा अर्थ तुम्हाला विचारावा लागला नाही. लाँड्रीच्या मालकिणीकडे पाहुणे येतात ते जाताना हेच म्हणतात. मला बोलावलंत, आभारी आहे, निघते आता.

मी मराठीत म्हटलं, कुठे निघालीस, हे तुझंच घर आहे. ती दाराकडे बघत राहिली, कुणी न्यायला येईल म्हणून. मी तिला ओढलं नाही. तिथेच जमिनीवर बसले आणि साडेतीनचं सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. पाय दुखल्यावर दाराला टेकून खाली बसली. दप्तरासकट झोपली.

दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा तेच. बूट, दप्तर, दार, थँक यू फॉर हॅविंग मी. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशीही. रोज मी तिच्याजवळ खाली बसते आणि रोज पहिल्यापासून सांगते. दिवसा काम करताना माझ्या मनात एकच असतं, तीन महिन्यांनी कुणी विचारलं तर ही काय सांगेल? मी पाहुणी होते, एवढंच सांगेल. मामा, माझ्याच पोटच्या पोरीने रोज माझे आभार मानून निघून जायचं, हे मी किती दिवस सोसणार?

काल सात वाजले. तिने बूट घातले, दप्तर लावलं, दाराशी उभी राहिली. मी माझ्या जागेवर बसले. ती काही बोललीच नाही. सव्वासात झाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, आणि मराठीत विचारलं,

"उद्या पण इथेच?"

"उद्या पण."

"परवा?"

"परवा पण."

 मग ती खाली बसून बुटाचे बंद सोडायला लागली.

बयो